माद्रिद २००४ : स्फोट, मतदान आणि परराष्ट्र धोरण

११ मार्च २००४ रोजी सकाळी माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तीनच दिवसांनी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी पॉप्युलर पक्ष पराभूत झाला. समाजवादी पक्षाचे झापातेरो पंतप्रधान झाले आणि १८ एप्रिलला त्यांनी इराकमधील सुमारे १३०० स्पॅनिश सैनिक परत बोलावण्याची घोषणा केली. 'दहशतवादापुढे स्पेन झुकला' असे तेव्हापासून म्हटले जाते. हे मत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

फेब्रुवारी २००३ मधील सरकारी जनमत चाचणीत सुमारे ९० टक्के स्पॅनिश नागरिक इराक युद्धाच्या विरोधात होते. तरीही पंतप्रधान अस्नार यांनी बुश व ब्लेअर यांना साथ दिली. सैन्यमाघारीचे आश्वासनही झापातेरो यांनी स्फोटांपूर्वीच दिले होते. म्हणजे लोकमत आधीच तयार होते; स्फोटांनी ते निर्माण केले नाही.

मग स्फोटांनी काय केले? सरकारने तातडीने बास्क संघटना 'एटा'वर ठपका ठेवला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५३० मध्येही 'एटा'चे नाव घेतले. तपास मात्र अल-कायदाच्या विचाराने प्रेरित गटाकडे वळला. सरकार सत्य दडवते आहे, ही भावना बळावली. मतदान २००० च्या सुमारे ६९ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांच्या आसपास गेले. पुढे २००७ च्या न्यायालयीन निकालातही 'एटा'चा सहभाग आढळला नाही.

स्पेनने मैत्रीचे सर्वच करार मोडले, असेही नाही. अफगाणिस्तानातील नाटो मोहिमेत त्याचे सैन्य कायम राहिले. उलट ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांनंतरही ब्रिटनने इराकमधून लगेच माघार घेतली नाही. सारख्या आघाताचे परिणाम सारखे नसतात. आधीचे लोकमत, निवडणुकीची वेळ आणि शासनाची विश्वासार्हता यांवर ते अवलंबून असतात.

आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. स्फोटांच्या पहिल्या स्मृतिदिनी, मार्च २००५ मध्ये, स्पेनच्या इस्लामिक आयोगाने बिन लादेनविरुद्ध फतवा काढला. निरपराधांची हत्या धर्मसंमत नाही, हे तेथील मुस्लिमांनी आपल्याच संस्थेद्वारे जाहीर केले. वर्गात हा विषय शिकविताना स्फोटाची तारीख सांगून थांबू नये. तिच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरचे तीन दिवसही विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. एका गटाच्या गुन्ह्यावरून संपूर्ण समाजाला आणि एका मतदानावरून संपूर्ण राष्ट्राला दोषी ठरविण्याची घाई त्यामुळे टळेल.