हवा मतं आणते की मतं हवा आणतात?

"हवा कुणाची आहे?" हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीपासून चॅनेलच्या स्टुडिओपर्यंत सगळीकडे विचारला जातो. अमेरिकेत याच हवेला 'मोमेंटम' म्हणतात. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार टप्प्याटप्प्याने ठरतो, त्यामुळे पहिला टप्पा मारला की पुढची गाडी सुसाट, असं सगळे धरून चालतात. खरंच तसं होतं का? गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास काढून बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे पक्षाचे मतदार राज्याराज्यात मत देऊन ते ठरवतात, त्यालाच प्रायमरी म्हणतात. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठराविक डेलिगेट असतात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट, तो उमेदवार. ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी तरुण आंदोलकांना झोडपलं, ते अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. मग नियम बदलले आणि १९७२ पासून खरी चावी मतदारांच्या हातात आली.

पुढची अनेक वर्षं आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन छोट्या राज्यांचा नंबर पहिला राहिला. आणि हवेचा खेळ सुरू झाला.

१९७६. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर, शेंगदाण्याची शेती करणारे. देशात फारसं कुणी ओळखत नव्हतं. आयोवात सर्वात जास्त, म्हणजे सुमारे ३७ टक्के पाठिंबा मिळाला तो 'कुणीच नाही, अजून ठरलेलं नाही' या पर्यायाला! कार्टर २८ टक्क्यांच्या आसपास. पण हाडामांसाच्या उमेदवारांत ते पहिले होते, म्हणून बातमी झाली 'कार्टर जिंकले'. तिथून नाव झालं, पैसा आला, न्यू हॅम्पशायर जिंकलं आणि वर्षअखेरीस थेट राष्ट्राध्यक्ष. हवेचं यापेक्षा मोठं उदाहरण सापडणं कठीण.

हेच बघून १९८० साली जॉर्ज बुश (थोरले) आयोवा जिंकल्यावर म्हणाले, आता आपल्याकडे 'बिग मो' आहे. मो म्हणजे मोमेंटम. पाचच आठवड्यांनी न्यू हॅम्पशायरात रेगन यांना ५० टक्के, बुशना २३. मो कुठे गेला ते कळलंच नाही! कारण साधं होतं. रेगन हे काही नवखे नव्हते. रिपब्लिकन मतदार त्यांना कित्येक वर्षं ओळखत होता. एका राज्याच्या निकालाने त्याचं मत थोडंच बदलणार?

१९८४ साली गॅरी हार्ट आयोवात वॉल्टर माँडेलपेक्षा तिपटीने मागे होते. पण अपेक्षेपेक्षा बरे आले म्हणून गाजले आणि आठ दिवसांत न्यू हॅम्पशायर जिंकून बसले. मग लोक विचारायला लागले, हा माणूस नक्की म्हणतोय काय? माँडेलनी वादविवादात बर्गरच्या एका गाजलेल्या जाहिरातीतली ओळ टाकली, "बीफ कुठंय?" म्हणजे पाव मोठा दिसतोय, पण आत काय आहे? हार्ट यांनी त्यानंतरही बरीच राज्यं जिंकली, पण उमेदवारी माँडेलनाच मिळाली. हवेने नाव घरोघरी पोचवलं, पुढचं काम तिला जमलं नाही.

२००८ तर आणखी बोलकं आहे. ओबामा आयोवा जिंकले, पाच दिवसांनी सगळ्या सर्व्हेंना खोटं पाडत हिलरी न्यू हॅम्पशायर जिंकल्या. फेब्रुवारीत ओबामांनी लागोपाठ अकरा लढती मारल्या. आता हवा म्हणजे वादळच! तरी ४ मार्चला ओहायो आणि टेक्सासच्या प्रायमरी हिलरींनी घेतल्या. दोघंही नावाजलेले, दोघांचे मतदार पक्के. कुठे कृष्णवर्णीय आणि तरुण जास्त, कुठे ज्येष्ठ आणि गोरे कामगार जास्त, यावरून निकालाचा अंदाज यायचा. ओबामा अखेर जिंकले ते लहानसहान राज्यांतही डेलिगेट गोळा करत गेल्यामुळे. हवेपेक्षा हिशोब मोठा ठरला.

आणि २०२०? बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे. सगळ्यांनी निकालात काढलं. मग साउथ कॅरोलिनात तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, कृष्णवर्णीय मतदार ठामपणे उभा राहिला आणि बायडेन दणक्यात जिंकले. तीन दिवसांनी 'सुपर ट्यूजडे'ला १४ पैकी १० राज्यं त्यांची! काहीजण याला हवा म्हणतात. पण मधल्या त्या तीन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडेनना पाठिंबा दिला, हे विसरू नका. सँडर्सविरोधातली वाटलेली मतं एका जागी आली. आपल्या भाषेत सांगायचं तर मतविभागणी टळली.

मग निष्कर्ष काय? माझ्या मते हवा खरी असते, पण तिची ताकद दोन ठिकाणीच चालते. एक, उमेदवार अनोळखी असेल तर. दोन, एकसारखे पाच-सहा उमेदवार असतील आणि 'यातला टिकणारा कोण' हेच मतदाराला कळत नसेल तर. दोन ओळखीचे पैलवान समोरासमोर असले की हवा फारसं काही करत नाही.

पण क्रम मात्र महत्त्वाचा. बायडेनच्या नशिबाने साउथ कॅरोलिना चौथ्या नंबरावर होतं. दहाव्या नंबरावर असतं तर ते तिथवर पोचलेच नसते. हे पक्षालाही कळलं होतं. २०२४ साठी डेमोक्रॅट्सनी साउथ कॅरोलिनाला अधिकृतपणे पहिलं केलं. आधी कोण बोलणार यावरचं भांडण म्हणजे सत्तेचंच भांडण.

आपल्याकडेही याची जाणीव आहे. २०२४ च्या लोकसभेला नागपूरने १९ एप्रिलला मत दिलं, मुंबईने २० मे ला. मधल्या महिन्यात एक्झिट पोल दाखवायला बंदी होती, कारण कायद्यातच तशी तरतूद आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२६ अ). नागपूरने काय केलं ते बघून मुंबईने ठरवू नये, एवढाच उद्देश. अमेरिकेत मात्र आयोवाने काय केलं ते बघूनच बाकीचे ठरवतात, आणि त्याला लोकशाही म्हणतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे "हवा आमचीच" म्हणालं तर एवढंच विचारा: मोजली कुणी? आणि कुठल्या गावात?