अश्मयुगीन शिकारीची आयुधे

अश्मयुगीन शिकारीची आयुधे : प्रागैतिहासिक मानवाने शिकारीसाठी दगड, लाकूड, हाड व शिंग यांपासून तयार केलेली साधने. अश्मयुगातील दगडी साधनांना सामान्यतः हत्यारे म्हणतात. परंतु प्रत्येक हत्यार हे आयुध नव्हे. कापणे, तासणे, खणणे, फोडणे इ. कामांसाठीही हत्यारे लागत. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे आदिमानवाच्या शिकारीविषयी अनेक गैरसमज रूढ झाले. दगड लाखो वर्षे टिकतो. लाकूड, कातडे, स्नायुतंतू व राळ बहुधा नष्ट होतात. त्यामुळे ‘अश्मयुग’ हे नाव त्या काळी मानवाने काय वापरले यापेक्षा त्यातील काय उरले, याचेच अधिक द्योतक आहे.

इंग्लंडमधील सफक परगण्यात हॉक्सन येथे १७९७ मध्ये जॉन फ्रिअर यास खोल थरांत नामशेष प्राण्यांच्या हाडांसमवेत चकमकीच्या दगडाची हत्यारे मिळाली. धातू ठाऊक नसलेल्या लोकांची ती युद्धातील शस्त्रे असावीत, असे त्याचे मत होते. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकास १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराणाश्मयुगीन हत्यार सापडले आणि या देशातील प्रागैतिहासिक संशोधनास प्रारंभ झाला. आज ज्ञात असलेली सर्वांत प्राचीन दगडी हत्यारे केन्यातील लोमेक्वी येथील असून ती सु. ३३ लक्ष वर्षांपूर्वीची आहेत.

पुराणाश्मयुगाच्या पूर्वार्धातील प्रमुख हत्यारे म्हणजे हातकुऱ्हाड, फरशी व तोडहत्यार. दगडी हातोड्याने गोट्यावर आघात करून त्याचे छिलके काढीत; उरलेल्या गाभ्यास किंवा मोठ्या छिलक्यास दोन्ही अंगांनी घडवून हातकुऱ्हाड बनवीत. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये केलेल्या उत्खनन-संशोधनात नदीच्या खडकाळ थरांतून अशी हत्यारे मिळाली. त्यांवरच्या थरांत चर्ट, जॅस्पर यांसारख्या सूक्ष्मकणी दगडांच्या छिलक्यांपासून केलेल्या तासण्या, टोचण्या इ. लहान हत्यारे आढळली. दगडाची निवड व घडणीचे तंत्र यांत झालेला हा बदल मध्य पुराणाश्मयुगाचा निदर्शक ठरला.

ही हत्यारे कशासाठी वापरीत, हे केवळ आकारावरून ठरविता येत नाही. रशियन संशोधक सर्गेई स्येम्योनॉव्ह याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धारेवरील सूक्ष्म ओरखडे व झीज सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धती मांडली. मांस, कातडे, लाकूड व हाड यांवर काम केल्याने धारेवर वेगवेगळ्या खुणा उमटतात. या परीक्षणावरून, तसेच हाडांवरील कापल्याच्या खुणांवरून, हातकुऱ्हाड ही मुख्यतः मारलेले वा मेलेले जनावर सोलण्या-फोडण्यासाठी आणि लाकूडकामासाठी वापरीत, असे दिसून आले. फ्रिअरने ज्यांना शस्त्रे मानले, ती बव्हंशी कामाची अवजारे होती.

मग प्रत्यक्ष आयुध कोणते? त्याचे उत्तर ओलसर व हवाबंद थरांत अपवादाने टिकलेल्या लाकडाने दिले. इंग्लंडमधील क्लॅक्टन येथे १९११ मध्ये यू वृक्षाच्या लाकडाच्या भाल्याचे टोक मिळाले, ते सु. ४ लक्ष वर्षांपूर्वीचे आहे. जर्मनीतील शोनिंगेन येथील कोळशाच्या खाणीत हार्टमुट टीमे यास १९९० नंतरच्या दशकात अनेक घोड्यांच्या हाडांसमवेत लाकडी भाले सापडले. ते प्रथम सु. ३ लक्ष वर्षांपूर्वीचे मानले जात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ते सु. २ लक्ष वर्षांपूर्वीचे ठरतात. बहुतेक भाले स्प्रूसच्या लाकडाचे व सु. दोन मीटर वा त्याहून अधिक लांबीचे आहेत. त्यांना दगडी पाते नाही. लाकडालाच टोक काढलेले आहे. झाडाच्या बुंध्याकडील कठीण भागात टोक साधल्यामुळे भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे येतो. कळपाने वावरणाऱ्या चपळ जनावरांची शिकार करण्यास लागणारी योजना व सहकार्य त्या मानवाजवळ होते, हे यावरून स्पष्ट होते. मेलेल्या जनावरांवर जगणारा दुर्बळ प्राणी, हे त्याचे चित्र त्यामुळे मागे पडले.

दगडी अग्र लाकडी दांड्यास जोडणे ही पुढील महत्त्वाची पायरी होय. सिरियातील उम्म एत् त्लेल येथे रानगाढवाच्या मानेच्या मणक्यात दगडी अग्राचा तुकडा रुतलेला मिळाला. तेथील काही हत्यारांवर नैसर्गिक डांबराचे अवशेषही आहेत. उत्तर पुराणाश्मयुगात फ्रान्समध्ये रेनडिअरच्या शिंगाचे भालाक्षेपक प्रचारात होते. त्यायोगे भाला अधिक दूर व वेगाने फेकता येई. धनुष्यबाणाचा पुरावा विशेष तुटपुंजा आहे. जर्मनीतील श्टेलमूर येथे मिळालेले हिमयुगाच्या अखेरीचे लाकडी बाण दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथील एल्मच्या लाकडाचे धनुष्य सु. ९,००० वर्षांपूर्वीचे आहे.

भारतात अशा लाकडी आयुधांऐवजी अप्रत्यक्ष पुराव्यावर विसंबावे लागते. अकीक, चर्ट इ. दगडांची सूक्ष्मास्त्रे दांड्यात ओळीने बसवून काटेरी भाले व बाण तयार करीत. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलचित्रांत धनुर्धारी व भालाधारी शिकारी दिसतात. उत्तर प्रदेशातील सराय नहर राय येथील मध्याश्मयुगीन दफनांत मानवी अस्थींत रुतलेली सूक्ष्मास्त्रे आढळली. पशूंसाठी घडविलेले आयुध माणसावरही चालविले गेल्याचा हा पुरावा होय.

नेवाशाच्या हातकुऱ्हाडींबरोबर लाकडी भाला मिळालेला नाही. परंतु त्यावरून तेथील मानव भाला जाणत नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. उष्ण प्रदेशातील नदीच्या थरांत लाकूड क्वचितच टिकते. संग्रहालयांतील दगडी हत्यारांवरून प्राचीन मानवाची बुद्धी व कौशल्य यांचे मोजमाप करताना नष्ट झालेल्या साधनांचा हा मोठा हिस्सा विसरून चालत नाही.