स्तनच्छेदाचा अखत्यार

इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचा उजवा स्तन ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे, नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यवैद्य बॅरन लारे यांनी तिच्या राहत्या घरीच कापून काढला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकात ईथरची भूल प्रचारात यावयास पस्तीस वर्षांचा अवकाश होता. संमती तिने दिलेली होती. तथापि दिवस कोणता, हे तिला त्याच सकाळी कळविण्यात आले, आणि मुखावर पसरलेल्या तलम रुमालातून पोलादाची लकाकी आपणांस दिसत होती, असे तिने पुढे बहिणीस लिहिलेल्या दीर्घ पत्रात नमूद केले. त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली.

भूल आली आणि वेदना गेली. परंतु रुग्णेचा शब्दही तिच्याबरोबरच गेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी एकत्रच काढण्याची पद्धती प्रसिद्ध केली, आणि रोग मूळ जागेपासून क्रमाक्रमाने पसरतो, या त्यांच्या सिद्धांताच्या बळावर तिचा अंमल अमेरिकेत पाऊणशे वर्षांवर चालला. पुढे असा शिरस्ता पडला, की गाठीचा तुकडा तपासण्यासाठी भूल दिलेल्या स्त्रीस, तपासणीत कर्करोग निघाल्यास, त्याच भुलीत स्तन गमवावा लागे. शुद्धीवर आल्यावर छातीवरचे पट्टे चाचपूनच तिला निकाल समजे.

या शिरस्त्याविरुद्ध पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्याच प्रकरणी हरकत घेतली, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने तपासणी व शस्त्रक्रिया पृथक् ठेवण्याचा अभिप्राय दिला. मिलानचे वेरोनेसी आणि पिट्सबर्गचे फिशर या शल्यवैद्यांच्या चाचण्यांनी तर, प्रारंभिक अवस्थेत गाठ काढून किरणोपचार दिल्यास आयुष्य घटत नाही, हे दाखवून दिले.

स्तन राखण्याचा हक्क असा पदरात पडतो न पडतो तोच, निरोगी स्तनही काढावा काय, हा प्रश्न उपस्थित झाला. अनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर, आनुवंशिक स्तनकर्करोगाशी निगडित अशा ‘बीआरसीए१’ या जनुकाचा ठाव लावला. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, कौटुंबिक धोका असलेल्या स्त्रियांनी दोन्ही स्तन आधीच काढल्यास कर्करोगाची शक्यता सुमारे ९० टक्क्यांनी घटते, असे आढळले. आणि २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी स्वतःचा असाच निर्णय जाहीर केल्यावर हा विषय घरोघरी पोहोचला.

परंतु एका स्तनात कर्करोग झालेल्या स्त्रीची गोष्ट निराळी आहे. सदोष जनुक असेल, तर दुसरा स्तन काढण्यास सबळ आधार आहे. तसे जनुक नसेल, तर दुसऱ्या बाजूचा धोका मुळातच अल्प असून, आयुष्याची मर्यादा बहुधा पहिल्या रोगाचा प्रसारच ठरवितो, आणि निरोगी स्तन काढल्याने ती वाढते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून निदानानंतरच्या भयभीत दिवसांत या निर्णयाची घाई करू नये. जनुकीय तपासणीचा सल्ला घेऊन तिचा निकाल प्रथम हाती घ्यावा, आणि मगच संमतिपत्रावर सही करावी.