अपिलाची मुदत आणि एक दिवस

श्रोतेहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ती चढावी लागलीच, तर दिवस मोजता आले पाहिजेत.

मराठेशाहीत वतनाचा तंटा एकदा तुटला म्हणजे मिटलाच, असे नसे. आजाच्या वेळचा निवाडा नातू पुन्हा गोतसभेपुढे उकरून काढी. इंग्रजी अमलात 1859 साली दाव्यांना मुदत घालणारा कायदा झाला. 1871 च्या कायद्याने अपिलेही त्याच कुंपणात आली. जिंकणाऱ्याने कधीतरी निर्धास्त झोपावे, हा त्यामागचा हेतू. मात्र खरोखर अडलेल्यासाठी त्यात एक फाटक ठेवले आहे. उशिराला ‘पुरेसे कारण’ असेल, तर कोर्ट अपील घेऊ शकते.

आता पुरेसे कारण म्हणजे काय? रेवा कोलफील्ड्सचा खटला पाहा. अपिलाची मुदत 16 फेब्रुवारी 1955 ला संपत होती. नेमका त्याच दिवशी अपील करणारा आजारी पडला, आणि अपील दुसऱ्या दिवशी दाखल झाले. उशीर अवघा एक दिवसाचा! खालच्या कोर्टाने विचारले, आधीचे सारे दिवस काय करीत होता? अपील गेले. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. मुदत कायद्यानेच दिलेली आहे, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलात, हा सवाल सहसा गैरलागू. हिशेब द्यायचा तो शेवटच्या दिवसापासून अपील दाखल होईपर्यंतचा. पण त्याच निकालात एक इशाराही आहे: कारण पुरेसे ठरले, तरी माफी हा हक्क नव्हे.

आजचा कायदा 1963 चा आहे. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक वेळ त्यातून वगळतात. पण नकलेचा अर्ज मुदतीतच द्यायला हवा. मुदत संपल्यावर दिला, तर ती सवलत हाती लागत नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी अपील चालते.

गुरुजी, गावकरी तुमच्याकडे कोर्टाचा कागद वाचून घ्यायला येतात. कोण जिंकले, कोण हरले हे सांगण्याआधी निकालाची तारीख पाहा, बोटांवर दिवस मोजा, आणि नकलेचा अर्ज दिला का, ते विचारा.