बेताल (मालिका) : तगून राहणे आणि नेतृत्व

बेताल : नेटफ्लिक्सवरील हिंदी भयमालिका. प्रदर्शन २४ मे २०२०, भाग चार. कल्पना व मुख्य दिग्दर्शन पॅट्रिक ग्रॅहम, सहदिग्दर्शन निखिल महाजन, लेखनात ग्रॅहम यांच्यासोबत सुहानी कंवर. निर्मितीत शाहरुख खान यांची रेड चिलीज एंटरटेनमेंट आणि अमेरिकेतील भयपटांसाठी ओळखली जाणारी ब्लमहाऊस या संस्था होत्या. मालिकेची भाषा हिंदी असली तरी या कोशात तिची नोंद दोन कारणांसाठी घेतली आहे. पहिले म्हणजे तिच्या घडणीत मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे मेलेल्यांच्या फौजेपुढे जिवंत माणसांनी कोणाचे ऐकायचे हा तिचा मध्यवर्ती प्रश्न महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत जुना आहे.

सहदिग्दर्शक महाजन यांचे ‘पुणे ५२’, ‘बाजी’ आणि ‘गोदावरी’ हे मराठी चित्रपट परिचित आहेत. ‘गोदावरी’साठी त्यांना ६९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. याच चित्रपटातील प्रमुख अभिनेते जितेंद्र जोशी ‘बेताल’मध्ये ठेकेदार अजय मुधलवन झाले आहेत. विनीत कुमार सिंह (विक्रम सिरोही), सुचित्रा पिल्लई (कमांडंट त्यागी), आहना कुमरा (अहलुवालिया), मंजिरी पुपाला (पुनिया) आणि जतीन गोस्वामी (अकबर) यांच्या अन्य मुख्य भूमिका आहेत.

कथानक : जंगलातील निलजा या आदिवासी गावाजवळून महामार्ग न्यायचा आहे. त्यासाठी डोंगरातला जुना, बुजवलेला बोगदा उघडावा लागणार असतो. गावकरी तो उघडू देत नाहीत. ठेकेदार मुधलवन सरकारी बळ मागवतो आणि गावकऱ्यांना नक्षलवादी ठरवून ‘बाज’ नावाची सशस्त्र तुकडी त्यांच्यावर सोडली जाते. बोगदा उघडतो. आत १८५७च्या उठावाच्या काळात गाडली गेलेली कंपनी सरकारची पलटण असते आणि तिच्यावर लेफ्टनंट कर्नल लिनडॉक याचा हुकूम चालतो. मेलेले शिपाई लाल डगल्यांत, बंदुका घेऊन बाहेर पडतात. उरलेली तुकडी, ठेकेदाराचे कुटुंब आणि हाती लागलेले गावकरी जवळच्या इंग्रज अमदानीतल्या पडक्या बराकीत आसरा घेतात. पुढची बहुतेक कथा या बराकीत, एका रात्रीत घडते.

नेतृत्व : झोंबीकथांत मृतांना नायक नसतो, हा या प्रकाराचा सर्वसाधारण नियम. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या चित्रपटापासून मृतांची गर्दी भुकेने सरकते. आज्ञा देणारा आणि पाळणारा असा भेद तिच्यात नसतो. म्हणून कथेतला सगळा सत्तासंघर्ष जिवंतांच्या बाजूला साचतो. ‘बेताल’ने हा नियम मोडला आहे. इथे मृतांची पलटण शिस्तीत आहे, तिला सेनापती आहे, हुद्दे आहेत. त्यामुळे कथेत आज्ञेच्या दोन साखळ्या समोरासमोर येतात: एक मेलेल्यांची, अखंड राहिलेली, दुसरी जिवंतांची, पहिल्याच रात्री तुटलेली. मालिकेचे खरे सामर्थ्य या मांडणीत आहे.

जिवंतांची साखळी वरून तुटते. कमांडंट त्यागी ही तुकडीची प्रमुख. बोगद्यातल्या हल्ल्यानंतर तिचे केस पांढरे होतात आणि ती हळूहळू कर्नलच्या ताब्यात जाते. सर्वांत वरचा हुद्दा सर्वांत आधी शत्रूच्या हाती पडतो. तिच्या हाताखालचा सिरोही हा हुकूम मानणारा शिपाई. पूर्वीच्या एका कारवाईत त्याने तिच्याच आज्ञेवरून एका मुलीचा जीव घेतलेला आहे आणि ते ओझे घेऊन तो वावरतो. नेतृत्व त्याच्याकडे येते तेव्हा त्याला आधी आज्ञा नाकारायला शिकावे लागते. बाकीच्यांना आज्ञा देणे हे त्यानंतरचे काम. मुधलवनचे वजन पैशाचे आणि ओळखीचे. बराकीत त्याचा उपयोग संपतो, पण सौदा करायची सवय सुटत नाही. स्वतःचे घर वाचवताना इतरांचे काय होईल याचा हिशेब तो करत नाही. जोशी यांनी या माणसाला खलनायकी हातवारे दिलेले नाहीत. रोज कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत भेटावा असा हा माणूस त्यांनी उभा केला आहे. अभिनयाच्या दृष्टीने मालिकेतले हे सर्वांत पक्के काम होय.

बराकीतले खरे शहाणपण पुनियाकडे आहे. ती गावची, तुकडीच्या लेखी संशयित. पण हळद, मीठ आणि राख यांनी मृतांना रोखता येते हे तिलाच ठाऊक असते. तिच्या सांगण्यावरून बराकीभोवती आडकाठी घातली जाते आणि पहिला हल्ला थोपतो. तिच्याकडे हुद्दा नाही, बंदुकीची सत्ता नाही. तरी तिचे ऐकले की माणसे वाचतात आणि टाळले की मरतात. लेखकांनी हा धागा शेवटपर्यंत नेला असता तर मालिका वेगळ्या उंचीवर गेली असती. उत्तरार्धात कथा पुन्हा सिरोहीच्या वैयक्तिक प्रायश्चित्ताकडे वळते आणि पुनिया कडेला पडते. हा मालिकेचा मोठा दोष.

वेताळ-परंपरा : मालिकेच्या नावामागे असलेला वेताळ महाराष्ट्र, कोकण आणि गोव्यात भुतांचा अधिपती मानला जातो. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी किंवा स्वारी भुतांच्या लवाजम्यासह निघते, अशी समजूत आहे. मेलेल्यांना राजा असतो ही कल्पना इथे आयात करावी लागली नाही. मात्र हा राजा गावाचा वैरी नसतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात आरवली येथे तो वेतोबा या नावाने ग्रामरक्षक आहे. त्याला केळ्यांचे घड आणि मोठाले चामडी जोडे वाहतात. रात्री तो गावाभोवती राखणीला फिरतो म्हणून जोडे झिजतात, असे भाविक सांगतात. गोव्यात आमोणे व लोलये येथील वेताळ प्रसिद्ध आहेत. पुण्यातील वेताळ टेकडी सर्वांना माहीत आहे. पुणे परिसरातील अशा दैवतांची दखल दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात घेतली आहे.

कथावाङ्मयातला वेताळ आणखी वेगळा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (अकरावे शतक) आणि देशी भाषांत उतरलेल्या वेताळपंचविशीत राजा विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि प्रेतातला वेताळ त्याला न्यायाचे प्रश्न विचारतो. राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. हे राज्यकर्त्याच्या परीक्षेचे आख्यान आहे. शेवटी कपटी साधूपासून राजाला वेताळच वाचवतो. रामानंद सागर यांच्या १९८५च्या दूरदर्शन मालिकेमुळे (अरुण गोविल, सज्जन) हे कथानक घराघरांत पोहोचले. ‘बेताल’च्या नायकाचे नाव विक्रम आहे, हा योगायोग मानता येत नाही. परंतु मालिकेतला विक्रम प्रश्न ऐकण्याऐवजी बहुतांश वेळ गोळ्या झाडतो. परंपरेतला रक्षक आणि परीक्षक वेताळ इथे साम्राज्याच्या हावेचे हत्यार होतो. हा बदल योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदकाराच्या मते मूळ द्रव्यातला सर्वांत मोलाचा भाग या बदलात गळाला.

शीव, राख आणि रस्ता : पुनियाची हळद-मीठ-राख मराठवाड्यातील प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. खंडोबाचा भंडारा, कपाळाचा अंगारा आणि दृष्ट काढायची मीठ-मोहरी या वस्तू घरोघर असतात. गावावर रोगाचे सावट आले की शीव बांधणे, मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडणे हे विधी महाराष्ट्राच्या अनेक भागांत होत. पटकी-प्लेगच्या साथीत गावे ओस टाकून लोक रानात झोपड्या घालून राहत. तिथे कोणी कुठे झोपडी घालायची, पाणी कुठून आणायचे, गावात परत कधी जायचे हे ठरवावे लागे. सामुदायिक तगण्याचा हा अनुभव कोणत्याही झोंबीकथेपेक्षा जुना आहे आणि तो अजून पुरेसा टिपला गेलेला नाही.

रस्त्याचेही तसेच. बीड तालुक्यातील चौसाळा हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर (पूर्वीचा २११, आता ५२) बीड आणि धाराशिव यांच्या दरम्यान आहे. महामार्ग गावात काय आणतो आणि गावातून काय नेतो हे अशा गावांना मालिका न पाहताही माहीत असते. मोजणी, भूसंपादन, मोबदला, ठेकेदाराची माणसे हे शब्द इथे रोजचे आहेत. निलजाच्या लोकांनी बोगद्यापुढे मांडलेला ठिय्या भयकथेची सजावट म्हणून पाहू नये. तो मालिकेचा राजकीय पाया आहे आणि पहिल्या भागात तो चांगला रचला आहे.

इतर कृतींशी तुलना : अमेरिकेतील ‘द वॉकिंग डेड’ (एएमसी वाहिनी, ३१ ऑक्टोबर २०१० ते २० नोव्हेंबर २०२२, ११ पर्वे, १७७ भाग) ही या प्रकारातली सर्वांत लांब आणि नेतृत्वाच्या अभ्यासासाठी सर्वांत समृद्ध मालिका. तिचा नायक रिक ग्राइम्स दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस सगळे निर्णय स्वतःच्या हाती घेतो, तिसऱ्याच्या शेवटाकडे ते सोडतो आणि चौथ्यात तुरुंगातल्या वस्तीचा कारभार एक मंडळ पाहते. गव्हर्नर, नेगन, इझिकिएल, अल्फा हे इतर सत्ताधीश म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे होत: भीती, खंडणी, नाटकी राजेपण, कातड्याचा मुखवटा. पण तिथे समाज नव्याने उभारायचा असतो. कोरियाच्या ‘किंगडम’मध्ये (२०१९पासून) समाज शाबूत असतो आणि युवराज ली छांगला भुकेल्या प्रजेत उतरून राजेपण कमवावे लागते. ‘बेताल’ या दुसऱ्या जातीची आहे, मात्र चार भागांत तिला तेवढा अवकाश मिळत नाही.

मराठीत या प्रकारातली ठळक कृती म्हणजे आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२६ जानेवारी २०२२). डोंबिवलीतले उंच इमारतींचे संकुल आणि त्याला लागून असलेली पाण्यासाठी तरसणारी वस्ती यांत ती घडते. अभियंता सुधीर (अमेय वाघ), त्याची गरोदर पत्नी सीमा (वैदेही परशुरामी) आणि वस्तीचा तरुण पुढारी विश्वास (ललित प्रभाकर) अशी तिची रचना आहे. विश्वासचे पुढारीपण पाण्याच्या भांडणातून आलेले असल्यामुळे संकट कोसळल्यावर लोक त्याच्याकडे आपोआप वळतात. सुधीरला ते कमवावे लागते. विनोदी बाजामुळे या चित्रपटाकडे गंभीरपणे पाहिले गेले नाही. पाणी कोणाला आणि किती, या प्रश्नावर तो ‘बेताल’हून अधिक थेट आहे. ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा त्याआधीचा हिंदी विनोदी झोंबीपट. कथा गोव्याजवळच्या बेटावर घडते.

वाद : मालिकेची कल्पना आपल्या संहितेवरून घेतल्याचा दावा करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. मे २०२०मध्ये न्यायालयाने प्रदर्शनाला स्थगिती देण्यास नकार दिला.

प्रतिसाद : संमिश्र. अभिनयाची वाखाणणी, उत्तरार्धावर टीका.

पुढील पर्व : शेवटच्या दृश्यांत संकट जंगलाबाहेर पसरल्याचे सूचन आहे. दुसरे पर्व आलेले नाही.