मिड-सेंच्युरी मॉडर्न फर्निचर म्हणजे नेमकं काय?

फर्निचरच्या ॲपवर 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हा फिल्टर तुम्ही पाहिला असेल. साध्या रेषा, नक्षीकाम नाही, बारीक पाय: विसाव्या शतकाच्या मध्याची ही स्टाइल. अमेरिकेत ती रुजली, त्यात बाहेरून आलेल्या डिझायनर्सचा मोठा वाटा आहे.

१९३३ मध्ये नाझींच्या दबावामुळे जर्मनीतली बाउहाउस ही डिझाइन शाळा बंद पडली. तिथे शिकवलेले मार्सेल ब्रॉयर आणि मीस व्हान डेर रोहे १९३७-३८ च्या सुमारास अमेरिकेत गेले. मूळचे जर्मन असलेल्या हान्स नोल यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फर्निचर कंपनी काढली.

याच कंपनीसाठी इरो सारिनेन यांनी ट्यूलिप खुर्ची केली. ते लहानपणी, १९२३ मध्ये, फिनलंडहून आलेले. खुर्च्या-टेबलांखालची पायांची गर्दी त्यांना नको होती, म्हणून एकच दांडा. अख्खी खुर्ची एकाच मटेरियलची करायची होती, पण एवढं वजन पेलणारं प्लास्टिक तेव्हा नव्हतं. मग बैठक फायबरग्लासची, दांडा ॲल्युमिनियमचा आणि दोन्हींना सारखा रंग!

थोडक्यात, 'अमेरिकन' म्हणून विकली जाणारी ही स्टाइल घडवण्यात देश सोडावा लागलेल्यांचाही हात आहे.