शिकविणारीला कोणीं शिकवावें?

इ. स. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवें जमलेल्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली. आरंभीं तींत १५ उमेदवार स्त्रिया होत्या. व्याख्यानें डॉक्टरांनीं द्यावयाचीं. परंतु जखम कशी बांधावी, अशक्त रोग्यास कुशीवर कसें वळवावें, हें खाटेपाशींच शिकावयाचें, आणि तें शिकविण्याचें काम वॉर्डांतील 'सिस्टर'कडे आलें. सिस्टर आपल्या कामांत निष्णात असली तरी स्वतः करणें निराळें आणि दुसरीच्या हातून नीट करवून घेणें निराळें. शिवाय साऱ्या वॉर्डाचा भार शिरावर असतां शिकविण्यास सवड कोठून मिळणार? पुढें नाइटिंगेलबाईंनीं बारकाईनें चौकशी केली, तेव्हां शिक्षणांतील उणिवा उघड झाल्या. आणि १८७० नंतर उमेदवारांच्या अभ्यासावर देखरेख ठेवण्यासाठीं 'होम सिस्टर' नेमण्यांत आली.

तथापि शिकविणारीलाच तयार करण्याची स्वतंत्र सोय होण्यास १८९९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजांत अनुभवी परिचारिकांसाठीं अभ्यासक्रम सुरू झाला, व १९०७ सालीं ॲडलेड नटिंग तेथें प्राध्यापक झाल्या. हिंदुस्थानांत १९४३ सालीं दिल्लीस अशा शिक्षणाची संस्था निघाली.

इतर विद्यार्थ्यांची चूक पाटीवर पुसतां येते. परिचारिकेची चूक रोग्याला भोगावी लागते. म्हणून शिष्येच्या आधीं गुरूची तयारी हवी. हा धडा लंडनहून दिल्लीस पोहोंचावयास ८३ वर्षें लागलीं.